आषाढ लागण्यापूर्वी: आई-बाबांना पत्र

पुणे, १२ मे २०२४

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात घरी आले होते तेव्हा गोठ्याच्या वरच्या अंगाला जमिनीत पडलेली भेग मी पाहिली. बाबा म्हणाले की उन्हाळ्यात जमीन तडकतेच, पहिल्या पावसात बुजून जाईल. आपण जेवायला बसलो होतो आणि आईचा चेहरा मला समोर दिसत होता, म्हणून मी गप्प राहिले. परंतु उन्हाने पडणाऱ्या भेगा जाळीसारख्या चहूकडे पसरलेल्या असतात. ही एकच आहे, उताराला आडवी, धनुष्यासारखी वाकलेली, आणि तिच्या खालची जमीन बोटभर खचलेली आहे. फोनवर हे धड बोलता येत नाही, म्हणून लिहीत आहे. बाबा, तुम्ही हे आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधले काही गाळू नका.

आपल्या महाड तालुक्याला दरड नवी नाही. २००५ साली २५ आणि २६ जुलैच्या पावसात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे डोंगर खाली आला, तेव्हा मी शाळेत होते आणि बाबा, तुम्ही माती उपसायला गेला होतात. परत आल्यावर दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत, हे मला आठवते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गेले. २२ जुलै २०२१ ला, आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले असताना, आपले तळिये गेले आणि ८० हून अधिक माणसे मातीखाली सापडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. या तारखा एकाखाली एक लिहून पाहा. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत आणि मला तो योगायोग वाटत नाही. मृगाचा आणि आर्द्राचा पाऊस जमीन पिऊन घेते, पुनर्वसूच्या तरण्या पावसात ती पोटभर भिजते, आणि त्यानंतर पुष्याच्या म्हाताऱ्या पावसाची जी झड लागते त्या पाण्याला मुरायला जागाच उरलेली नसते.

हे मी तुम्हाला समजावून सांगावे असे काही नाही, कारण खाचराचा बांध तुम्ही जन्मभर सांभाळला आहे. बांधाआड पाणी तुंबले की माती फुगते, तिची पकड सुटते, आणि वेळेवर वाट काढून दिली नाही तर एका जागी सुटलेला बांध बघता बघता सगळा बसतो. डोंगराचे तसेच आहे. वर तांबडी माती आणि मुरूम, खाली काळा कातळ. मुरलेले पाणी कातळापर्यंत पोहोचते, कातळ ते आत घेत नाही, म्हणून ते माती आणि कातळ यांच्या मध्ये साठत जाते. वरची माती जड होते, खालचा आधार निसरडा होतो, आणि मग झाडांच्या मुळांनाही ती धरून ठेवता येत नाही. फरक इतकाच की या बांधाला वाट काढून देणारे कोणी नसते.

तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. आजोबांच्या आधीपासून घर तिथेच आहे, डोंगर कधी हलला नाही आणि सरकारच्या दरडप्रवण यादीत आपल्या वाडीचे नाव नाही. बाबा, इर्शाळवाडीचे नावही यादीत नव्हते. दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात तसे सांगितले. यादी तयार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाड्या इतक्या आहेत की प्रत्येकीच्या मागचा उतार चढून पाहणे कठीणच आहे. आणि आजोबांचा डोंगर आता राहिला आहे कुठे? तीन वर्षांपूर्वी वरच्या वाडीचा रस्ता झाला तेव्हा आपल्या घरामागचा उतार पायथ्याशी उभा कापला गेला, संरक्षक भिंत बांधली गेली नाही, आणि रस्त्याच्या गटाराचे पाणी थेट आपल्या वरकसात सोडले गेले. ज्या डोंगरावर तुमचा विश्वास आहे त्याचा पाय कापलेला आहे.

दुसरी गोष्ट वाटेची. पाऊस फार झाला तर ऐन वेळी महाडला जाऊ, असे आई म्हणते. आई, ऐन वेळी महाडची वाट उरत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, आणि २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. अशा वेळी नदीचे पाणी समुद्रात उतरायला वेळ लावते आणि सावित्री-गांधारीचे पाणी शहरात शिरते. तळियेला मदतीची पथके पोहोचायला म्हणूनच दुसरा दिवस उजाडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ आहे आणि तिथून येणाऱ्या जवानांनाही घाट उतरूनच यावे लागते. निघायचे असेल तर रस्ता कोरडा असताना निघाले पाहिजे, आणि ते कोणी येऊन सांगण्याची वाट न पाहता.

म्हणून निघण्याची वेळ आपण आजच ठरवून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. पाऊस कोसळत असताना, दिवे गेलेले असताना, गुरे हंबरत असताना माणूस आणखी अर्धा तास थांबू, असे म्हणतो. आधी ठरलेले असेल तर त्या अर्ध्या तासाचा प्रश्न येत नाही. अंगणात, पागोळ्यांपासून आणि झाडांपासून दूर, तोंडाला आणि बुडाला सारखाच रुंद असलेला एक उंच स्टीलचा डबा ठेवायचा. रोज सकाळी सात वाजता शाळेच्या पट्टीने त्यातले पाणी मोजायचे, वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झालेल्या पावसाला हवामान खाते सर्वांत वरच्या वर्गात धरते, परंतु आपण तिथवर थांबायचे नाही. तीन दिवस झड लागलेली असेल आणि सकाळपासून डब्यात पंधरा सेंटिमीटर पाणी झाले असेल, तर मोजणीची वेळ झालेली नसली तरी त्याच क्षणी घर सोडायचे. पंधरा हा आकडा कोणत्या पुस्तकातला नाही. तो मी भीतीच्या बाजूला झुकून धरला आहे, आणि चार वेळा उगाच जावे लागले तरी मला चालेल. रायगडला लाल इशारा दिला गेला तर डबा न पाहता निघायचे.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर आकड्याचीही वाट पाहायची नाही. आई, परसातल्या झऱ्याचे पाणी तू रोज भरतेस. ते एकाएकी गढूळ झाले किंवा भर पावसात आटले, तर आत काहीतरी हलले आहे असे समज. मागचे दार चौकटीत अडकू लागले, विजेचा खांब किंवा फणस कलला, वरून दगड घरंगळण्याचा किंवा घरघर असा आवाज आला, तर जे हातात असेल ते टाकून बाहेर पडायचे; आणि पऱ्याच्या काठाने खाली न जाता आडवे, देवळाच्या अंगाने जायचे, कारण दरडीची माती पऱ्याच्याच वाटेने उतरते.

मला ठाऊक आहे की तुम्हाला खरे अडवतात ती गुरे. माणसे सोडून जातील, पण दावणीला बांधलेले जनावर मागे ठेवून जाणे बाबांना जमणार नाही, आणि मी तसे सांगणारही नाही. खालच्या गावात पठारावर काकांचा गोठा अर्धा रिकामा आहे. मी त्यांच्याशी बोलले आहे. यंदा १७ जुलैला आषाढी एकादशी आहे, तेव्हापासून १९ ऑगस्टच्या नारळी पौर्णिमेपर्यंत गाय आणि बैल तिथे ठेवायला ते आनंदाने तयार आहेत. तोवर लावणीही आटोपलेली असेल. त्याआधीच निघावे लागले तर दावी सोडा आणि गोठ्याचे दार उघडे टाका, जनावर आपली वाट काढते.

तुम्ही तो महिनाभर पुण्याला यावे, असे मला मनापासून वाटते. पण पाऊस असताना शेत सोडून बाबांचा जीव इथे लागत नाही, हे मी दोनदा पाहिले आहे. म्हणून एवढेच मागते की त्या महिन्यात दिवस घरी काढा आणि रात्री काकांकडे झोपायला जा. तळिये दुपारी गेले आणि माळीण सकाळी, त्यामुळे दिवसा धोका नाही असे मी म्हणत नाही. परंतु दिवसा डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि पाय ठेवायला जागा कळते. इर्शाळवाडीच्या माणसांना त्यांतले काहीच मिळाले नाही. कोणाच्या घरी रोज झोपायला जायचे, हा संकोच आईला वाटेल. आई, २०२१ मध्ये काकांच्या घरावर वेळ आली तेव्हा ती सात माणसे आपल्या पडवीत पाच दिवस होती. तेव्हा तुला ते ओझे वाटले होते का?

सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि बँकेची पुस्तके एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकांकडे आत्ताच नेऊन ठेवावीत. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जादा घेतल्या आहेत, त्या पाठवत आहे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते. मोबाइलचे मनोरे बंद पडले तर मी काळजी करीन म्हणून फोन लागेपर्यंत थांबू नका. फोन लागला नाही तर तुम्ही ठरल्याप्रमाणे निघालात, असेच मी धरीन.

१ जूनला शनिवार आहे, त्या दिवशी मी येते. गोठ्याच्या वर चर खणून रस्त्याचे पाणी बाजूला काढायचे आहे, आणि भेग चिकणमातीने भरून वर ताडपत्री टाकायची आहे. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी मारून मधले अंतर वहीत लिहून ठेवू, म्हणजे ती वाढते की नाही ते आपल्याला कळेल. ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांकडे पाहणीसाठी अर्जही करायचा आहे. तो मी लिहून आणते, बाबांनी वाचून सही करावी. उंच डबा माळ्यावर आहे, आई, पापडांचा. तो तेवढा काढून घासून ठेव, पट्टी मी आणते.

तुमची
मोठी लेक