दत्तजयंतीला नाव नोंदवा, संक्रांतीला पिल्लू न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लिहायला उशीर झालाय हे कबूल, ऑगस्ट 2025 मधल्या फोटोबद्दल नोव्हेंबरात लिहितेय. 26 ऑगस्टला तो डॉग डे असतो ना, त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे 24 तारखेला, आमच्या इथे नाशिकला एका शाळेच्या हॉलमध्ये रस्त्यावरच्या पिल्लांचं दत्तक शिबिर होतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात त्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं की सगळ्या पिल्लांना घर मिळालं. बातमी खरी आहे, मी तिथे टेबलावर फॉर्म भरून घ्यायला बसले होते. पण फोटोच्या डाव्या कोपऱ्यात नीट बघितलं तर एक काळी शेपटी दिसते, अर्धीच. ती तीट. ती पिल्लू नव्हती, नऊ महिन्यांची होती, म्हणून "सगळ्या पिल्लांत" ती धरलीच नाही, तुम्हीही नाही आणि आम्हीही नाही.

तिची गोष्ट थोडक्यात सांगते. गेल्या कार्तिकात जन्मलेली, जानेवारीत एका घरी गेली, तिसऱ्या दिवशी परत. का, तर रात्री रडते. अहो पन्नास-पंचावन्न दिवसांचं लेकरू आईपासून तोडून आणलंय, रडणार नाही तर काय आरती म्हणणार? मग दुसऱ्या घरी गेली, तिथे चांगली चार महिने राहिली, मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली, सगळ्यांना गावाला जायचं होतं, कुत्र्याचं काय करायचं, तर आणून सोडली. तोपर्यंत पाय लांब झालेले, कान उभे राहिलेले, पिल्लाचा गोंडसपणा गेलेला. त्यातून काळी आणि त्यातून मादी. शिबिरात माणसं येतात ती पहिलं वाक्य हेच बोलतात, "मेल आहे का हो, फिमेल नको". तिची नसबंदी झालीय, आता पिल्लं होणार नाहीत, काही भानगड नाही, हे दहादा सांगितलं तरी मान हलवतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जातात. दुपारी चारला हॉल रिकामा झाला, जमिनीवर अंथरलेली रद्दी (तुमच्याच पेपरची हो, राग मानू नका, शोषून फार छान घेते) गोळा करायला लागलो तर ही कोपऱ्यात बसून बघत होती. मी घरी फोन केला, आमचे हे म्हणाले "दोन-चार दिवस ठेवायची असेल तर आण". सासूबाईंनी दारातच नाव ठेवलं, तीट. म्हणाल्या काळी आहे तर असू दे, घराला दृष्ट लागणार नाही.

दोन-चार दिवसांचे आता तीन महिने होत आलेत.

आता मुद्द्यावर येते. हे दिवस साजरे करण्याला माझा विरोध नाही, 8 ऑगस्टचा मांजरांचा, 26 चा कुत्र्यांचा, 20 मेचा तो अमेरिकेतला रेस्क्यू डॉगवाला, करा की, त्या निमित्ताने चार माणसं आत तरी येतात. पण तारखा दुसऱ्यांच्या आहेत आणि आपल्या कुत्र्यांचं पंचांग वेगळं आहे. आपल्याकडे कुत्र्यांचा महिना कुठला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, भाद्रपद. कुत्री साधारण 63 दिवसांनी विते. भाद्रपदात 63 दिवस मिळवा, कार्तिक येतो. म्हणजे आत्ता. आत्ता तुमच्या सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे, बांधकामाच्या वाळूत, बंद पडलेल्या रिक्षाखाली बघा, पिल्लं दिसतील. ती आठ आठवड्यांची होतात तेव्हा पौष लागलेला असतो, म्हणजे संक्रांत. आणि त्याआधी आईपासून तोडायचं नसतं, कारण चावायचं किती, थांबायचं कधी हे ती भावंडांबरोबर खेळतानाच शिकतात. म्हणजे पिल्लांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत आणि आपण शिबिरं घेतो ऑगस्टमधे, भर पावसात, तीन दिवसांवर गणपती असताना! यंदा 27 ला गणपती बसले, कोण पिल्लू न्यायच्या मनःस्थितीत असणार, आणि जे नेतात त्यांच्याकडे ते पिल्लू पहिल्याच आठवड्यात ढोल-ताशे ऐकणार.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे दत्तजयंती आहे ना. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, मोठी माणसं सांगतात ते चार वेद. आणि ती चारही कुत्री दिसायला अगदी आपल्या गल्लीतल्यासारखी, एकही लॅब्राडोर नाही. यंदा दत्तजयंती 4 डिसेंबरला आहे. त्या दिवशी नावं नोंदवायची, पिल्लू द्यायचं नाही. मधल्या पाच-सहा आठवड्यांत घरी जाऊन बघायचं, घरमालक हो म्हणतोय का, घरातल्या सगळ्यांना हवंय की फक्त बारा वर्षांच्या मुलाला, गच्चीवर साखळीने बांधून ठेवायचा विचार नाही ना, उन्हाळ्यात गावाला जाल तेव्हा काय. आणि मग संक्रांतीला, तिळगूळ घ्या, पिल्लू घ्या. तोवर पार्वोच्या (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार) लसीचा पहिला डोसही झालेला असतो, रेबीजची लस मात्र तीन महिन्यांनंतर, ती मालकाने लक्षात ठेवून द्यायची आणि पुढे दरवर्षी.

ही चौकशी लोकांना आवडत नाही हेही सांगते. शिबिरात एक गृहस्थ माझ्यावर ओरडले, "फुकट कुत्रं देताय आणि वर इन्कमटॅक्ससारखे प्रश्न विचारताय?" मी म्हटलं काका, फुकट आहे म्हणूनच विचारतेय. विकत आणलेलं निदान पैशासाठी तरी चार दिवस सांभाळतात. आणि सोडून दिलं तर कायदा काय करतो माहितीये का? 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्यात भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आजही तेवढाच. पन्नासात दोन वडापाव येतात, तेही सगळीकडे नाही.

त्या दिवशी हॉलमधे अजून एक वाद चालू होता, तो दोनच दिवस आधीचा, 22 ऑगस्टचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. 11 ऑगस्टला दिल्लीतली सगळी कुत्री उचलून शेल्टरमधे टाका असा आदेश आला होता, तो 22 ला मोठ्या खंडपीठाने बदलला, नसबंदी करा, लस द्या, जंत काढा आणि होती तिथे सोडा, रेबीजची आणि चावरी सोडून. खायला घालायच्या जागाही ठरवून द्या म्हटलं. यावर टीव्हीवर खूप भांडणं झाली, पण त्याच निकालात एक वाक्य होतं त्यावर कोणी चर्चाच केली नाही, की ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून देतील आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे जे आम्ही टेबलावर फॉर्म भरून करतो तेच. परवा 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका असाही आदेश आला. कुत्रा चावला तर काय होतं हे मला माहितीये, माझ्या भाच्याला चावलेलं, साबणाने पंधरा मिनिटं नळाखाली जखम धुतली आणि इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण केला, त्यामुळे "कुत्र्यावाल्यांना माणसांची पडलेली नाही" असलं काही मला कोणी सांगू नये. पण ती हलवलेली कुत्री जाणार कुठे, त्यातली माणसाळलेली, लस झालेली दोन-चार जरी घरात गेली तरी तेवढा भार कमी. आमच्या सोसायटीत चालत नाही हे कारण मात्र सांगू नका, पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही हे प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच पत्रक काढून सांगितलंय.

ज्यांनी नेलंय किंवा नेणारेत त्यांच्यासाठी एवढंच, घाई करू नका. आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस ते घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळतं, तीन महिन्यांनी ते घर आपलं वाटायला लागतं. तीट पहिले तीन दिवस फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसून होती, खायची ती आम्ही झोपल्यावर. चौथ्या दिवशी गणपती बसले, आरती सुरू झाली, टाळ वाजले तशी मला वाटलं आता ही गॅलरीतून उडीच मारते की काय, तर बाईसाहेब हळूच बाहेर आल्या, सासूबाईंच्या लुगड्याला टेकून बसल्या आणि आरती संपेपर्यंत हलल्या नाहीत. नंतर नैवेद्याचा एक मोदक कमी भरला, त्याबद्दल घरात अजून कोणी बोललेलं नाही. (दूधपोळी मात्र घालू नका, बऱ्याच जणांना दूध पचत नाही, भात आणि उकडलेलं अंडं बरं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही.)

तुमच्याकडे एक मागणं आहे. शिबिराचा फोटो छापता तसं तीन महिन्यांनी त्याच संस्थेला एक फोन करा, किती नेली, किती परत आली, आणि ते दोन ओळीत छापा. आमचा आकडा मीच सांगते, त्या दिवशी चौदा गेली, तीन परत आली, त्यातली दोन पुन्हा दिली, एक अजून आमच्या एका मैत्रिणीकडे आहे, ब्राउन रंगाची, मादी, उजव्या कानाला नसबंदीची खूण, फार गुणी आहे.

24 नोव्हेंबरला तीटला आमच्याकडे येऊन तीन महिने होतील. सोबत तिचा फोटो जोडलाय. काळी आहे आणि आमच्या गॅलरीत उजेड कमी, त्यामुळे नुसते डोळे आणि जीभ दिसते, पण यावेळी शेपटीसकट पूर्ण छापा.

आपली,
एक वाचक, नाशिक