ओट्याची उंची मिस्त्रीच्या कमरेवरून ठरवू नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागं स्वयंपाकघर नवं करण्यावर पानभर मजकूर आला होता. फोटोत पांढराशुभ्र ओटा, त्यावर लिंबाची एक वाटी, आणि बाजूला एक बाई उभी राहून हसून राहिली. तो पेपर मी ग्रॅनाईट घासताना जमिनीवर अंथरायला घेतला होता, अंथरायच्या आधी वाचून पाहिला म्हणून हे पत्र लिहून राहिली. त्यात लिहिलं होतं की काम चालू असताना आठ-दहा दिवस जेवण बाहेरून मागवा. आमच्या गावात बाहेरून म्हणजे बसस्टँडवरची आलुबोंड्याची गाडी, आणि ती पण दुपारी बारानंतर बंद. आणि आठ-दहा दिवस कुठले, आमचं काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सुरू झालं ते पोळ्याच्या आठ दिवस आधी संपलं, म्हणजे संपलं असं आमचे हे म्हणतात.

आधी घर सांगते. दीड-दीड फुटाच्या मातीच्या भिंती, वरती कवेलू होते ते काढून टिनं टाकले, आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघर. एका कोपऱ्यात चूल, दुसरीकडे विटांच्या दोन खांबांवर कडप्प्याची एक लादी, तिच्यावर गॅस. लादीला किती वर्षं झाली कोणाला आठवत नाही, पण तिच्यावर कैरी चिरली की पांढरा डाग पडायचा आणि मग काही केल्या निघायचा नाही, कारण कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीचाच दगड, आंबट पडलं की खाल्ल्या जाते. ग्रॅनाईटला तसं होत नाही. म्हणून मीच मागं लागली होती की यंदा कापूस विकला की ग्रॅनाईटचा ओटा करायचा, सिंक बसवायचं आणि खालीवर टाईल्स लावायच्या. मागणी माझीच होती हे आधीच कबूल करते, नाहीतर आमचे हे पेपर वाचून म्हणतील की सगळं माझ्यावरच ढकललं.

आता कापूस. भाव वाढेल, भाव वाढेल करत तो घरातच ठेवला, जसा सगळ्यांनी ठेवला. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, अंगाला खाज सुटते म्हणून पोट्टे तिकडे फिरकत पण नाहीत. एप्रिल लागला आणि मग एकदम विकला, तोही अर्धाच. म्हणजे स्वयंपाकघर रिकामं करायचं ठरलं तेव्हा सामान ठेवायला जागाच नव्हती. डबे पलंगाखाली, मसाल्याचा डबा देवघरात, लोणच्याची बरणी शिलाई मशीनवर. तुरीच्या डाळीची कोठी सपरीत, म्हणजे पडवीत, ठेवली आणि वरून चादर झाकली, तरी पहिल्या दिवशीच भिंतीची माती तिच्यात उतरली. पुढं दीड महिना वरणात दाताखाली काहीतरी करकर वाजायचं आणि सगळे एकमेकांकडे पाहायचे.

भिंत पाडताना एक गोष्ट निघाली ती सांगते. फडताळ हलवलं तर मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी अशा, हातभर जागेत. सासूबाई आल्या, पदरानं धूळ पुसली आणि मोजत बसल्या. गवळ्याकडे दूध घालायच्या त्याचा हिशोब होता तो, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. मोजून झाल्यावर म्हणतात, "पाय, बत्तीस लिटर होते, आन् त्या मेल्यानं तीसाचेच पैसे देल्ले." मिस्त्री हातोडा धरून उभा होता, त्यानं विचारलं पाडू का जी, तर म्हणाल्या, "पाड ना, आता का वसूल होते थे?"

मग सैपाक कुठं करायचा? गॅस सपरीत मांडला. पण शेगडी सिलेंडरपेक्षा उंचावर पाहिजे, ती खाली आणि सिलेंडर तिच्या डोक्यावर असं चालत नाही, म्हणून शेगडी टेबलावर. सपरीला तिन्हीकडून हवा, वैशाखातली, म्हणजे जाळ भांड्याखाली कमी आणि बाजूला जास्त, सिलेंडर पंधरा दिवस आधीच संपलं. चूल पेटवायची तर समोर अर्धा कापूस आणि मागं कोठ्यात गुरांचं कुटार, एक ठिणगी पुरे. शेवटी वाडीच्या टोकाला कडुनिंबाखाली तीन विटांची चूल मांडली, सरपणाला कापसाच्या वाळक्या पराट्या. सासूबाई खरं सांगायचं तर खुश होत्या. गॅसच्या भाकरीला त्यांनी कधीच भाकरी म्हटलं नाही. मी मात्र सकाळी अकराच्या आत सैपाक आटपून घ्यायची, कारण त्यानंतर मे महिन्यात आमच्या इकडे झाडाखाली पण उभं राहता येत नाही, पारा पंचेचाळीसच्या वर आणि खाली चूल.

यंदा कुरड्या नाही, पापड नाही, सरगुंडे नाही. गहू भिजवायला जागा नव्हती. ते एस्टिमेटमधे कुठंच नसते.

एस्टिमेटमधे आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे पाणी मारणं. प्लॅस्टर झालं, मिस्त्री म्हणाला पाणी मारा, आणि सायकल काढून निघून गेला. पुतण्या पॉलिटेक्निकला सिव्हिल करते, त्यानं फोनवर सांगितलं की काकू, हे पोत्यावर पीपीसी लिहिलेलं राख घातलेलं सिमेंट आहे, ते सावकाश पकडते, एरवी दहा दिवस आणि कोरड्या कडक उन्हात चौदा दिवस ओलं ठेवावं लागते, नाहीतर भेगा पडतात. बरोबर असेल, पण आमच्या नळाला मे महिन्यात चवथ्या दिवशी पाणी. प्यायचं, भांड्यांचं, जनावरांचं, आणि त्यात भिंतीचं. विहिरीवरून पाण्याचे गुंड भरून आणायचे आणि भिंतीवर ओतायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. ओली पोती बांधली तर अर्ध्या तासात कडक. मिस्त्रीची रोजी लिहिली, मजुराची लिहिली, रेती किती ब्रास, सिमेंट किती पोते सगळं वहीत आहे, पाणी कोणी मारलं ते वहीत नाही. वही आमच्या ह्यांच्याकडे असते.

आता मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसली. ओट्याची उंची.

ज्या दिवशी ओट्याच्या विटा लावल्या त्या दिवशी मी कडुनिंबाखाली भाकरी थापत होती. आत दोघं माणसं, मिस्त्री आणि आमचे हे. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, स्वतः सरळ उभा राहिला, आपल्या कमरेजवळ भिंतीवर खूण केली आणि टेप लावून म्हणाला तीन फूट, गावात सगळीकडे तीनच फूट आहे. ह्यांनी मान हलवली. मला हे लहान पोरीनं सांगितलं, ती तिथंच रेतीत खेळत होती. मिस्त्री पावणेसहा फुटाचा माणूस. माझी उंची चार फूट अकरा इंच, सासूबाई माझ्याहून कमी, वरून वाकल्या. या घरात त्या ओट्याजवळ तिसरं कोणी उभं राहत नाही, चहासाठी पण नाही.

छत्तीस इंचाच्या विटा, वर माल, वर ग्रॅनाईट, झाला सदतीस इंचाचा ओटा. पहिल्या दिवशी नारळ फोडला, दूध ऊतू घातलं, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभी राहिली आणि लाटणं धरलं तर हात खाली जायच्या ऐवजी वर. जोरच लागत नाही. माझं कोपरच जमिनीपासून सदतीस इंचावर आहे, हे मला वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी कळलं. त्यावर शेगडी आणखी चार-पाच इंच, तिच्यावर गंज, म्हणजे पातेलं, आणि त्यातलं दूध दिसायला मला टाचा उचलाव्या लागतात. दूध वर आलं हे मला वासानं कळायचं. खाली पाट ठेवून चार दिवस सैपाक केला. पाटावरून उतरताना हातात कढई असली तर काय होते ते लिहीत नाही, पायावर फोड आला होता एवढं पुरे.

पुतण्याला विचारलं तर त्यानं एका ओळीत सांगितलं, सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा, कोपरापासून खाली चार ते सहा इंच सोडायचे, तिथं ओटा. एवढंच. म्हणजे मला एकतीस ते तेहतीस पाहिजे होता. हे सांगायला पॉलिटेक्निक कशाला पाहिजे, शर्ट शिवायला गेलो तर टेलर पण ज्याचा शर्ट त्याचंच माप घेते, स्वतःचं घेत नाही.

मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, सवय होऊन जाईन." मग म्हणाला जमीन वर घेऊ, चार इंच भराव टाकू, म्हणजे मोरीचा ढाळ उलटा झाला असता आणि सांडपाणी सिंककडे आलं असतं. चार दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. शेवटी सासूबाई मधात पडल्या. त्या कधी पडत नाहीत. ह्यांना म्हणाल्या, "तुह्या बापानं मले चाळीस वर्स वाकोलं, तू इले टाचेवर उभी करतं काय?" दुसऱ्या दिवशी चार माणसं लावून ग्रॅनाईट उचललं, विटांचा एक रद्दा काढला, परत बसवलं. आता ओटा साडेतेहतीस इंच आहे. उचलताना सिंकच्या कोपऱ्याजवळ टण्ण आवाज झाला आणि तिथं एक चीर गेली, ती पॉलिशवाल्यानं काळं काहीतरी भरून जोडली. पाहुण्यांना दिसत नाही, मला रोज दिसते.

इतक्यात मृग लागला. मिस्त्रीची स्वतःची तीन एकर आहे, तो पेरणीला गेला, त्याला तरी काय म्हणावं. टाईल्स अर्ध्या राहिल्या. पाऊस आला, कडुनिंबाखालची चूल विझली, पराट्या ओल्या, आणि आम्ही अर्ध्या टाईल्सच्या स्वयंपाकघरात शिरलो. कोणी मला विचारलं तर मी सांगते की हे काम संक्रांत ते शिवरात्रीच्या मधात काढा. तूर निघालेली असते, मिस्त्री मोकळा असते, विहिरीला पाणी असते, ऊन कमी असते म्हणून भिंत सावकाश वाळते, आणि कापूस भावाची वाट न पाहता विकलेला असला तर खोली पण मोकळी. शेवटलं जमणं कठीण आहे, मला माहीत आहे.

आमच्या बाजूच्या वहिनीला घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात 1 लाख 20 हजार मूळ अनुदान मिळते, घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं पाहिजे आणि त्यातच स्वच्छ सैपाकाची जागा धरलेली आहे. कागदावर आहे ना! पण हप्ता पाया, भिंती, छत पाहून येते, आणि ओट्यापर्यंत पोचेपर्यंत पैसे संपलेले असतात, मग मिस्त्री उरलेल्या विटांत काहीतरी उभं करून देते. त्या वहिनीला मी टेप घेऊन भिंतीजवळ उभं केलं आणि कोपराखाली पेन्सिलीनं खूण करून ठेवली. प्लॅस्टर होईल तेव्हा पुसल्या जाईल, म्हणून तिच्या मोबाईलवर पण लिहून दिलं.

आणि आम्ही तर वर्धा जिल्ह्याचे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 ला गांधीजींचा ग्रामोद्योग संघ आला, तिथं धूर कमी करणाऱ्या चुलीवर काम झालं, मगन चूल म्हणत तिला. म्हणजे चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या डोळ्याचा विचार आपल्याच जिल्ह्यात इतक्या आधी झाला होता. पोरांच्या सहलीसोबत सेवाग्रामला दोनदा गेली, सगळं खाली बसून वापरायचं, कोणाची उंची आडवीच येत नाही. आपण उभे राहिलो तेव्हापासून ही भानगड.

तर साहेब, पुरवणीत चिमणी आणि विदेशी नळांचे फोटो छापा, आमची ना नाही, पाहायला बरे वाटतात. पण एखाद्या कोपऱ्यात चौकट करून एवढं छापा: कोपराखाली किती इंच, पाणी किती दिवस मारायचं, सिलेंडर कुठं, मोरीचा ढाळ कोणीकडे, आणि खूण करताना घरातल्या बाईला चुलीवरून दोन मिनिटं बोलवायचं. भाकरी करपली तर करपू द्या.

माझं नाव छापू नका. मिस्त्री तुमचाच पेपर वाचते, आणि त्याच्याकडून अजून न्हाणीचं काम करून घ्यायचं आहे.

आपली एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा

ता. क. सिंकखालचा पाईप थेंब थेंब गळून राहिला. सध्या खाली बादली ठेवली आहे, रात्री एकदा उठून रिकामी करावी लागते.