पक्या, बोर्डासाठी तुझं नाव दिलंय

कळवा, ठाणे

पक्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "नको रे" म्हणून कट केला असतास, म्हणून लिहून पाठवतोय, शांतपणे वाच. नेरूळच्या एका कॉलेजने सप्लाय चेन आणि ई-कॉमर्सचा कोर्स काढलाय, त्यांच्या इंडस्ट्री ॲडव्हायझरी बोर्डावर मला घेतलंय, भिवंडीच्या गोडाऊनमधली माझी १४ वर्षं बघून. परवा पहिली मीटिंग झाली.

काय शिकवायचं, काय काढून टाकायचं, मुलांना इंटर्नशिपला कुठे पाठवायचं, हे आम्ही कंपनीवाल्यांनी सांगायचं. मला मनापासून पटतं हे, कारण आमच्याकडे डिग्री घेऊन आलेल्या पोरांना मागणीचं फोरकास्टिंग येतं पण सीओडीचं, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे द्यायचं, पार्सल परत आलं की ते उघडून तपासायचं कोणी, पुन्हा स्टॉकला कधी चढवायचं, ह्यातलं काही माहीत नसतं, आणि आमचा निम्मा जीव तर त्या रिटर्नमध्येच जातो. मी हे बोललो तर त्यांनी लगेच लिहून घेतलं, रिटर्नवर वेगळा पेपर ठेवूया म्हणाले. इतकं बरं वाटलं मला!

पण टेबलाभोवती सगळे मॅनेजरच रे, मी पण त्यातलाच. सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये ओएनडीसीसाठी, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या सगळ्यांना खुल्या नेटवर्कसाठी, ९ जणांची सल्लागार परिषद केली तेव्हा इन्फोसिसच्या नंदन निलेकणींसोबत व्यापारी संघटनेच्या प्रवीण खंडेलवालांनाही घेतलं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या शेजारी दुकानदारांचा माणूस. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं, काका वाशी मार्केटला माथाडी होते, त्यांचा पगार ज्या बोर्डातून यायचा तिथे मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखेच असले पाहिजेत असं १९६९ च्या कायद्यातच लिहिलंय, शिवाय सरकारचे वेगळे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला महाराष्ट्राने तेव्हा खुर्ची दिली, मग आज कॉलेजच्या बोर्डावर तुझ्यासारखा ट्रेलरवाला का नको?

मीटिंगमध्ये एकाने न्हावाशेवा बंदराचं सांगितलं, २०१६ पासून कंटेनरला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणारा टॅग, लावतात, माल कुठे पोचला ते स्क्रीनवर दिसतं. खरंय, खूप उपयोगाची गोष्ट आहे ती. पण कंटेनर थांबलाय एवढंच त्यात दिसतं, का थांबलाय ते तुला माहीत, सील नंबर जुळत नाही, कागद अपुरे, रिकामा डबा सोडायचं यार्ड ऐनवेळी बदललं, आणि तुझा ड्रायव्हर रात्रभर गाडीतच, ना जेवण ना संडासची सोय. शिकणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार? ती पोरं उद्या ऑफिसात बसून डिलिव्हरीची वेळ ठरवणार आहेत, त्या वेळेत तुझ्या ड्रायव्हरची झोप धरलीय की नाही हे त्यांना आत्ताच कळायला हवं.

म्हणून मी तुझं नाव दिलंय, सगळे हो म्हणाले. बारावी नापास वगैरे मला ऐकवू नकोस, १९ वर्षं गाड्या चालवतोयस तू. पुढची मीटिंग दोन महिन्यांनी शनिवारी सकाळी ११ ला आहे, उरणवरून आता नेरूळला थेट लोकल आहे. येताना तुझ्या ड्रायव्हरांना विचारून चार-पाच गोष्टी वहीत लिहून आण, त्यांच्याच शब्दांत. मी गेटवर थांबतो, आत बरोबरच जाऊ.

उद्या रात्री जेवण झालं की फोन कर. वहिनींना आणि काकांना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या