सिस्टरना रजा द्या, मग नूतनीकरणाचे विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परिचारिकांच्या नोंदणी नूतनीकरणाबद्दलची कालची बातमी वाचली आणि संताप आला. परिचारिकाच टाळाटाळ करतात, असा तिचा एकंदर सूर आहे. मी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज आहे. वॉर्डची ड्यूटी लिस्ट मीच लावते, त्यामुळे टाळाटाळ कोण करते ते रोज बघते.

नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि नुसती फी भरून भागत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत 150 तासांचे, म्हणजे वर्षाला 30 तासांचे सीएनई (नोकरीत असताना घ्यायचे परिचर्येचे पुढचे शिक्षण) ठरवून दिले आहे. नियम योग्यच आहे, शिकायला आमची कुणाचीच ना नाही. पण हे तास करायचे कधी?

गेल्या पावसाळ्यात वाशीला कार्यशाळा होती. माझ्या वॉर्डातल्या ऐरोलीच्या मुलीने रजा मागितली. तिचा अर्ज मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, मी स्वतः घेऊन गेले. ‘स्टाफ कमी आहे,’ एवढ्यावर विषय संपला. मग ती रात्रपाळी करून, सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवून, ट्रान्स हार्बर लोकलने निघाली. स्वतःचे स्टेशन मागे टाकून थेट वाशी. प्रवेश फीही पदरची. त्याच रात्री पुन्हा ड्यूटीवर हजर. माझी दुपारची पाळी संपत होती. ओव्हर घेताना तिचे डोळे मिटत होते. एका पेशंटला पंपावर इन्सुलिन चालू होते. त्याचा रेट तिने दोनदा वाचला, तरी खात्री वाटेना म्हणून मला वाचायला सांगितला. त्या पेशंटच्या नातेवाइकांना हे कळले असते, तर त्यांनी जाब कुणाला विचारला असता? तिलाच ना?

आणि रुग्णालयाच्या तपासणीची तारीख लागली की हेच व्यवस्थापन ‘नूतनीकरणाचे प्रमाणपत्र जमा करा, नाहीतर पगार थांबेल’ अशी नोटीस लावते! वर्षाचे 30 तास म्हणजे आठ तासांच्या चार पाळ्यासुद्धा होत नाहीत. तेवढी पगारी रजा देता येत नाही?

आणखी एक. सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलींना ड्रेस घालून सलाइन लावायला उभे करणारी छोटी नर्सिंग होम तुमच्या प्रतिनिधीला दिसली नाहीत का? परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, 1966 चा, म्हणजे जुनाच आहे. जीएनएम या नर्सिंग पदविकेची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे घालवून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करून आम्ही कामाला लागतो. त्या मुलींना कमी पगारात राबवून घेणाऱ्यांबद्दल बातमीत अवाक्षर नाही. नर्सिंग होमची नोंदणी महापालिका करते, तिथे जाऊन विचारा.

पुढची बातमी करताना प्रत्येक रुग्णालयाकडून एक आकडा मागून घ्यावा: गेल्या वर्षी किती सिस्टरना सीएनईसाठी रजा दिली? तो रुग्णालयाच्या नावासकट छापावा, ही विनंती. माझे नाव मात्र छापू नये, नोकरीचा प्रश्न आहे.

– एक सिस्टर इन्चार्ज, कळवा