नाच्याचं पत्र

ता. लाखांदूर, जि. भंडारा
पोळ्याच्या आठ दिवस आधी

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "काय बे, या वयात बॅले? पायाले तेल लाव अन् झोप." तू हसलास, मीही हसलो, आणि गोष्ट धानाच्या भावावर गेली. पण तोंडानं मला हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र लिहितोय. लांबेल. चष्मा लावून बस.

सहावीत आपल्या वह्यांना रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची, आठवतं? तुझ्या गणितावर ट्रॅक्टर होता. माझ्या भूगोलावर बॅले हा तिकडचा नाच करणारी एक बाई पायाच्या अंगठ्यांच्या पार टोकावर उभी होती. वर्षभर मी गुरुजींकडं कमी आणि तिच्या पायांकडं जास्त पाहिलं. पुढं 1991 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथल्या टीव्हीवर बातम्यांऐवजी 'स्वान लेक' हा बॅले दाखवत बसले होते म्हणे. वर्ष संपता संपता तो देशच गेला. बाई मात्र माझ्या डोक्यात राहिली.

यंदा पावसानं ओढ दिली. लाईन रात्री बाराला येते, धानाची बांधी पाण्यानं भरेपर्यंत मोटरीजवळ बसावं लागतं. पुतण्यानं मोबाईलवर बॅले लावून दिला, तेव्हापासून साप-विंचवाची भीती गेली बघ. जे सापडेल ते पाहतो, जे मिळेल ते वाचतो.

बॅलेचं मूळ रशियात नाहीच. इटलीतल्या दरबारी नाचातून हा निघाला आणि फ्रान्सच्या राजवाड्यात वाढला. चौदावा लुई हा राजा स्वतः नाचायचा. 1653 साली, वय वर्षं चौदा, सोनेरी पोशाखात सूर्य होऊन नाचला आणि 'सूर्यराजा' हे नाव जन्माला चिकटलं. 1661 मध्ये त्यानं नाचाची अकादमी काढली. त्याचा नाचाचा गुरू बोशाँ. पाय ठेवायच्या पाच जागा त्यानं बांधून दिल्या, त्या आजही तशाच. पाय मांडीच्या खुब्यापासून बाहेर फिरवायचा. मी गोठ्याची आडवी बल्ली धरून पहिली जागा करून पाहिली. पिंडरीत असा गोळा आला की गायसुद्धा रवंथ थांबवून पाहत होती. बायको म्हणाली, "मोडन नं कंबर, मंग रोवणी कोन करन?"

पण दिग्या, खरी गंमत पुढं आहे, आणि ती वाचून मी रात्री एक वाजता बांधावर एकटाच मोठ्यानं हसलो. पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहाच्या रंगमंचावर 1681 पर्यंत पोटापाण्यासाठी नाचणारी बाई नव्हतीच. परी, देवी, राजकन्या, सगळे गडीच. तोंडाला मुखवटा, अंगात घेरदार झगा. म्हणजे नाच्याच की! आपल्या खडी गंमतीच्या खेळात मी बाईच्या वेशात जे करत होतो, तेच तिथं राजाच्या डोळ्यांपुढं चालायचं. ज्या कामापायी माझी सोयरीक दोन ठिकाणी मोडली, ते काम तिथले नामी नर्तक करत होते.

आणि मग चाक असं उलटं फिरलं की विचारू नको. पुढच्या शतकात बायांचं राज्य आलं. मारी ताग्लिओनी नावाची बाई 1832 साली 'ला सिल्फीद' मध्ये बोटांच्या टोकावर नाचली आणि लोक खुळे झाले. टोकावर उभं राहणं तिच्या आधीही होतं, पण ती कसरत वाटायची. हिनं केलं तेव्हा लोकांना बाई हवेत आहे असं वाटलं. तिच्या बुटात आजच्यासारखा बोटांभोवतीचा कडक डबाही नव्हता. साटिनचा मऊ जोडा, टोकाशी दोऱ्यानं रफू केलेला. बाकी सगळी ताकद घोट्याची. पॅरिसात गड्यांना मग कोणी विचारेना. 1870 च्या 'कोपेलिया' मध्ये तर नायकाचं कामही बाईनंच केलं. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकांत नागपूरहून नट्या यायला लागल्या आणि आम्ही नाचे घरी बसलो, तसंच.

त्या काळची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एम्मा लिव्री, वीस वर्षांची पोर, ताग्लिओनीची लाडकी शिष्या. मंचावर गॅसचे दिवे असायचे. कपड्याला आग लागू नये म्हणून औषधात बुडवायची सोय होती, पण त्यानं कापड ताठ आणि पिवळट व्हायचं, म्हणून हिनं नाकारलं. 1862 मध्ये तालमीत झग्यानं पेट घेतला. आठेक महिने यातना भोगून गेली. हे वाचलं आणि मला आपली ती मंडईच्या जत्रेतली रात्र आठवली. माझा पदर गॅसबत्तीला लागला होता आणि तू ढोलकी टाकून उपरण्यानं विझवला होतास. लोकांना वाटलं सोंगातलाच भाग आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. आपण त्यावर नंतर कधी बोललोच नाही.

पुढं पॅरिसात हे सगळं मंदावलं आणि पेतिपा नावाच्या फ्रेंच माणसानं रशियात ते उभं केलं. 'स्लीपिंग ब्यूटी' त्याचीच. 'स्वान लेक' 1877 मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेमच चालला. 1895 मध्ये पेतिपा आणि इवानोव्हनं तो नव्यानं बसवला, तोच आज जग पाहतं. 1877 मध्येच पेतिपानं 'ला बायादेर' केला, त्याची नायिका आपल्याकडची देवळात नाचणारी बाई! कपडे, फकीर, राजा सगळं मनचं. सुरुवातीला मला हसू आलं. पण त्यात एक जागा आहे: पांढऱ्या कपड्यातल्या बाया, कुठं 24 तर कुठं 32, उतारावरून एकामागून एक येतात. प्रत्येकीची चाल तीच. एक पाय मागे उचलायचा, वाकायचं, सरळ व्हायचं, दोन पावलं पुढं. पुन्हा तेच. बस, एवढंच. मी मोबाईल खाली ठेवला, कारण आदल्याच दिवशी दुपारी आमच्या बांधीत बावीस बाया ओळीनं धानाची रोवणी करत मागे मागे सरकत होत्या. त्यांना पाहताना कधी असं ध्यानात आलं नव्हतं.

घराणी आहेत यातही, गाण्यासारखी. रशियात वागानोवा नावाच्या बाईची पद्धत: पाठ, हात, मान सगळं एका सुरात. डेन्मार्कचा बुर्नोनविल: हात खाली शांत, पाय मात्र चिमणीसारखे, आणि गड्यांना मान. अमेरिकेत बॅलन्शिन: पुष्कळदा कथा नाही, झगमगाट नाही, तालमीच्या साध्या कपड्यांत सुसाट वेग. मला विचारशील तर बॅलन्शिन डोक्याला पटतो, पण रात्री दोनला डेन्मार्कवालाच बरा वाटतो.

आणि ते बूट. आत लाकूड असेल असं मी चाळीस वर्षं समजत होतो. तसं काही नाही रे. कापडाचे, कागदाचे थर खळीनं चिकटवून कडक केलेले, वरून साटिन. नवा जोड आला की बाई तो दारात चेंगरते, जमिनीवर आपटते, तळवा वाकवून मोडते, फिती स्वतः शिवते, टोकाला राळ घासते. एवढं करून एका खेळातच जोड मऊ पडून वाया जाऊ शकतो. आत बोटं सोललेली असतात. तोंडावर काहीच नाही.

इथं मी अडकलो बघ. आपण नाच म्हणतो तेव्हा जमीन बडवतो, घुंगरू तिला ऐकू जायला बांधतो. ही मंडळी उडी मारून उतरतात तर आवाज येऊ देत नाहीत. सगळी मेहनत लपवतात. पण मीही तेच करत होतो ना? तळपायात बाभळीचा काटा मोडला होता त्या रात्री तांबडं फुटेपर्यंत नाचलो, तोंडाला फासलेल्या मुरदाडशिंगाच्या रंगाखाली तोंड हसरं ठेवून. सकाळी तूच सुईनं काढलास.

पोळ्याला येणं जमणार नाही म्हणालास, ठीक. दिवाळीनंतर मंडईला मात्र ये. आणि एक काम कर. पुण्यात बॅलेचे क्लास आहेत असं ऐकतो. तिथल्या कोणाकडून फेकायला काढलेला, झिजलेला एक जोड मागून आण. पैसे पडले तर देईन. घालायचा नाही मला, माझा पाय नऊ नंबरचा. ब्लेडनं उसवून आतले थर मोजायचे आहेत.

तुझा,
वाम्या