इमरमान रस्त्यापलीकडचे ड्युसेलडॉर्फ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या 'छोट्या टोकियो'वर आलेला लेख वाचला. इमरमान रस्त्यावरची रामेनची उपाहारगृहे, जपानी पुस्तकांची दुकाने, २०२१ मध्ये तिथे लागलेली जपानी लिपीतील पाटी, हे सारे त्यात नेमके आले आहे. मात्र त्या रस्त्यावर जपानी कुटुंबे येतात ती खरेदीला आणि जेवायला. त्यांतली पुष्कळशी राहतात ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर, ओबरकासेल आणि नीडरकासेल या भागांत, आणि त्याचे एक मोठे कारण तिथली जपानी आंतरराष्ट्रीय शाळा हे आहे. लेखात ती एका ओळीत उरकली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

रुर खोऱ्यातील पोलाद, रसायने आणि यंत्रे यांच्या व्यापारासाठी १९५०च्या दशकापासून जपानी कंपन्यांनी ड्युसेलडॉर्फमध्ये कचेऱ्या थाटल्या. बदलीवर आलेला माणूस काही वर्षांनी परतणार आणि परतल्यावर त्याच्या मुलांना जपानमधल्या प्रवेशपरीक्षांना तोंड द्यावे लागणार, हे ठरलेलेच. मग मुलांना सोबत आणायचे की मागे ठेवायचे, हा पेच घरोघरी असे. १९७१ साली ही शाळा सुरू झाली आणि तो बराचसा सुटला. पहिली ते नववी, म्हणजे जपानमधील सक्तीच्या शिक्षणाची नऊही वर्षे, इथे तिकडच्याच अभ्यासक्रमाने शिकवली जातात. पाठ्यपुस्तके तिकडची, तिकडच्या सरकारने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेले शिक्षकही असतात, आणि शालेय वर्ष एप्रिलमध्ये उघडते. शेजारच्या जर्मन शाळा मात्र उन्हाळी सुटीनंतर नवे वर्ष धरतात.

नीडरकासेलमध्ये मी चार वर्षे राहिलो. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा दर शुक्रवारी वर्गात घालायचे पांढरे बूट कापडी पिशवीतून घरी आणी, शनिवारी ते घासून बाल्कनीत वाळत ठेवी आणि सोमवारी परत नेई. रविवारी बाहेर काही वाळत घालणे न रुचणाऱ्या तळमजल्यावरच्या जर्मन आजी त्या बुटांकडे मात्र काणाडोळा करीत. मार्च उजाडला की शाळेभोवतीच्या गल्ल्यांत सामानाचे ट्रक लागत, आणि एप्रिलमध्ये त्याच घरांच्या दारांवर नवी जपानी नावे दिसत.

अशी शाळा मुलांना कोषात ठेवते, असा आक्षेप मी तिथे ऐकला आहे. तो अगदीच निराधार नाही: एकाच पदपथावरून शाळेत जाणाऱ्या जर्मन आणि जपानी मुलांना बोलायला सामायिक भाषा क्वचितच असे. पण परतायचे ठरलेल्या मुलाला दोन वर्षांपुरते जर्मन शाळेत घालून घरी गेल्यावर कांजीत, म्हणजे जपानी लेखनातल्या चिनी चिन्हांत, मागे पाडणे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही. खरी कुचंबणा नववीनंतर होते. शाळा तिथेच संपते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने जपानला जायचे की इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा धरायची, हे कुटुंबाला ठरवावे लागते.

नीडरकासेलमध्येच बौद्ध मंदिर, जपानी बाग आणि घंटाघर असलेले एको-हाउस हे सांस्कृतिक केंद्र आहे, आणि ते सर्वांना खुले आहे. आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी नदी ओलांडून तिथवर जावे आणि ते जाणे मार्चच्या अखेरीस जमवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक