शनिवारच्या त्या मंडळींना थँक्यू

पोरगी तिसरीला आहे, आपल्या सोलापुरातच. २०२४ पासून शाळेत पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' (म्हणजे शनिवारी नेहमीच्या अभ्यासाऐवजी वेगवेगळे उपक्रम) सुरू झाला तेव्हा खरं सांगतो मला वाटलेलं की झालं, आता शनिवारी नुसता टाइमपास. पण मागच्या महिन्यात पूर्व भागातले एक आजोबा आले, हयात मागावर गेलेली, आणि त्यांनी पुठ्ठ्याला खाचा पाडून प्रत्येक पोराला एकेक छोटा माग करून दिला, उभा धागा ताणा, आडवा बाणा, धोटा म्हणून आइस्क्रीमची काडी! वर जॅकार्डचं (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) भोकं पाडलेलं जुनं कार्ड दाखवलं, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, तशी नक्षी उठते म्हणे. इतकी वर्षं सोलापुरी चादर पांघरतोय, मला हे आत्ता कळलं, तेपण पोरीकडून.

तबला शिकवणाऱ्या ताईंचेपण आभार (घरातले सगळे डबे आता वाजतात, असो). नान्नजच्या माळरानावर पोरांना नेऊन माळढोकाची माहिती देणारे दादा, माळढोक काय दिसला नाही पण काळवीट दिसले, आणि गाडीत उलटी केलेल्या पोराला शेवटपर्यंत मांडीवर घेऊन बसलेल्या त्या मावशी, कोण होत्या तेपण माहीत नाही.

नावं टाकू नका म्हणाले सगळे, म्हणून टाकत नाही. आजोबा, तुमच्या मागावर विणलेला वीतभर पट्टा आमच्या टीव्हीखाली अंथरलाय, जरा वाकडा झालाय.